शंभर रुपयांच्या कागदावरचं वर्ष

माझ्या कागदपत्रांच्या फायलीत शंभर रुपयांचा एक स्टॅम्प पेपर आहे. त्यावर टाइप केलंय की मी, अमुक यांची मुलगी, वय १८, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की जून २०१७ ते मे २०१८ या काळात मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही, कोठेही नोकरी केलेली नाही आणि मी घरीच होते. खाली माझी थरथरलेली सही आणि नोटरीचा गोल शिक्का. याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात. बारावी आणि मेडिकलचा प्रवेश यांच्यामध्ये वर्ष गेलं असेल तर हे जोडावं लागतं.

तहसीलबाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या काकांकडे मसुदा तयारच होता. त्यांनी फक्त नाव आणि वर्ष बदललं. "घरीच होते" हे वाचून मी म्हटलं, "काका, मी घरी नव्हते. लातूरला होते, अभ्यास करत होते."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कॉलेजात नाव होतं का?"

"नाही."

"मग घरीच."

या कागदाची आठवण निघाली ती आतेभावामुळे. यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या नीटमध्ये, मेडिकल प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेत, त्याला ७२० पैकी ४०२ पडले. यंदाचं फिजिक्स असं होतं की देशात पहिल्या आलेल्या मुलालाही ६८६ वर थांबावं लागलं. आदल्या वर्षीच्या पहिल्या निकालात तर ६७ जणांना पैकीच्या पैकी होते. हे आकडे त्याला तोंडपाठ आहेत, घरात महिनाभर दुसरा विषयच नाही. ४०२ वर सरकारी कॉलेज मिळत नाही आणि खासगीची फी आत्याच्या घराला झेपणारी नाही. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "ताई, ड्रॉप घेऊ का?" म्हणजे वर्षभर थांबून परत परीक्षा देऊ का.

आमच्या नात्यात ड्रॉप घेऊन डॉक्टर झालेली मी एकटीच. त्यामुळे लग्नाकार्यात माझा उल्लेख दाखला म्हणून होतो. "तिनं नाही का एक वर्ष काढलं?" काढलं, हे क्रियापद मला आवडतं. दिवस काढतात, कर्ज काढतात, काटा काढतात. वर्षही काढतात.

"विचार करून सांगते," म्हणाले. त्याला आठवडा झाला.

माझं प्रकरण थोडं वेगळं होतं, किंवा तेव्हा आम्ही सगळे तसं म्हणायचो. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. अकरावीला बी ग्रुप, म्हणजे बायोलॉजी, घेतला तेव्हा मेडिकलसाठी राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, हाच रस्ता होता. २०१३ मध्ये एकदा नीट झाली आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. त्यामुळे नीट हा शब्द आमच्या कॉलेजात भूतकाळातला होता. अकरावी म्हणजे दहावीचा शीण घालवायचं वर्ष, असं आमच्याकडे उघड बोललं जायचं. सीईटीला बारावीचाच अभ्यासक्रम, तोही राज्य बोर्डाचा. मग अकरावीची पुस्तकं उघडायची कशाला? मी ती उघडली, पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात.

मी अकरावीच्या सुट्टीत असताना, एप्रिल २०१६ मध्ये, सुप्रीम कोर्टाने आपला जुना निकाल मागे घेतला आणि नीट परत आली. मे महिन्यात केंद्राने वटहुकूम काढून राज्यांना त्या वर्षापुरती सूट दिली. म्हणजे आमच्या आधीची बॅच सीईटीवर सुटली आणि २०१७ ची आमची बॅच पुरती सापडली. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नव्हते. इथे बरोबर उत्तराला चार आणि चुकलं तर एक वजा. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९० असे १८० प्रश्न, त्यातले निम्म्याच्या आसपास अकरावीचे, आणि पुस्तक राज्य बोर्डाचं नाही, केंद्राच्या एनसीईआरटीचं. आमच्या तालुक्याच्या गावात ते पुस्तक मिळवायलाच महिना गेला.

७ मे २०१७ ला मी १७४ प्रश्न सोडवले. १०९ बरोबर आले आणि ६५ चुकले. आढेवेढे न घेता सांगते, ३७१.

उत्तरसूची येईपर्यंत मात्र मी खुशीत होते. पेपर चांगला गेलाय असं मी शपथेवर सांगितलं असतं. परीक्षा घेणाऱ्या सीबीएसईने उत्तरसूची आणि उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत संकेतस्थळावर टाकली तेव्हा सायबर कॅफेत बसून मी ते ६५ प्रश्न एका दोनशेपानी वहीत उतरवून काढले. का, ते आठवत नाही. बहुधा रडायला येत होतं आणि कॅफेवाला ओळखीचा होता, म्हणून हाताला काहीतरी काम हवं होतं. उतरवून झाल्यावर प्रत्येक प्रश्नासमोर खूण करत गेले. १४ प्रश्न असे, की मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. २० असे, की घाईत वाचले, 'नाही' हा शब्द सुटला, गोल चुकीचा काळा केला. उरलेले ३१. या ३१ प्रश्नांची उत्तरं मला येतात अशी माझी खात्री होती.

त्या ३१ चं काय करायचं ते मला कळेना. जे येत नाही ते शिकता येतं. घाई कमी करता येते. पण जे येतंय असं मनापासून वाटतं, ते परत शिकायला कोण बसणार?

जूनमध्ये अण्णांनी सोयाबीनचे पैसे मोडले आणि मला लातूरला नेऊन सोडलं. औसा रोडच्या आतल्या गल्लीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही तिघी. भिंतीवर आधीच्या मुलींनी चिकटवलेलं आवर्तसारणीचं पोस्टर, त्याच्याखाली त्यांच्याही आधीच्या मुलींचं. शिवाजी चौकाच्या अलीकडे-पलीकडे क्लासेसच क्लासेस. त्या भागाला रिक्षावालेही ट्युशन एरियाच म्हणतात. लातूरला अभ्यासाचं वेड नवं नाही. बोर्डाच्या गुणवत्ता याद्या होत्या तेव्हापासून लातूर पॅटर्न हा शब्द चालत आलाय. याद्या गेल्या, सीईटी आली, सीईटी गेली, नीट आली. पॅटर्नने फक्त पाटी बदलली.

घरमालकीणबाईंनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलेलं होतं. कपडे वाळत घालायचे तर किल्ली मागून आणायची आणि लगेच परत करायची. कारण आम्ही कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आणि जुलैमध्ये आजीच्या किडन्या गेल्या.

अचानक गेल्या असं घरी म्हणतात, पण बीपी वीस वर्षांचं होतं आणि गोळ्या आठवण आली की घ्यायच्या, असा हिशेब होता. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलं. केशरी कार्ड होतं म्हणून सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसलं. योजनेचं नाव त्याच वर्षी बदललं होतं, लोक अजून राजीव गांधीच म्हणत. प्रश्न होता गावाहून लातूरला तिला आणायचं कुणी आणि चार तास बसायचं कुणी. अण्णांना शेत, आईला घर आणि धाकटा भाऊ. फोनवर चर्चा चालू असताना मागून आजीचाच आवाज आला, "पोरगी तिथं रिकामीच हाय की."

मला ते लागलं. क्लास दुपारी दोनला सुरू व्हायचा, सकाळ मी अभ्यासासाठी राखून ठेवलेली होती. पण कॉलेजात नाव नसलेल्या माणसाला नाही म्हणायला जागा नसते. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सातची पाळी ठरली. अण्णा पहाटेच्या एसटीने आजीला आणायचे, स्टँडवरून मी ताब्यात घ्यायची, ते उलट्या गाडीने परत.

पहिल्या दिवशी मी पिशवीत बायोलॉजीचं पुस्तक घेऊन गेले. बसून वाचायचंच होतं तर विषयाचाच धडा काढावा म्हणून उत्सर्जनाचा काढला. हा धडा मला येत होता. बारावीत तीनदा वाचलेला, आणि ३१ मधले दोन प्रश्न याच धड्यातले. किडन्यांत मिनिटाला १२५ मिलिलिटर गाळलं जातं, दिवसाला १८० लिटर. लघवी होते दीड लिटर. म्हणजे जवळपास ९९ टक्के परत शोषलं जातं. हे सगळं मी झोपेतही सांगितलं असतं.

धड्याच्या शेवटी कृत्रिम किडनीबद्दल एक परिच्छेद आहे. सोयीच्या धमनीतून रक्त घेतात, त्यात रक्त गोठू न देणारं हेपॅरिन घालतात, मग ते सेलोफेनच्या वेटोळ्या नळीतून नेतात, नळीभोवती विशिष्ट द्रव असतो, इत्यादी. मी मान वर करून बघितलं. सेलोफेनची वेटोळी नळी कुठे दिसेना. यंत्राच्या कुशीला हातभर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळकांडी उभी होती, आत पांढऱ्या केसांसारख्या तंतूंचा जुडगा, आणि रक्त त्या तंतूंतून वाहून नळकांडी लाल झालेली. आजीच्या एकाच हातात दोन सुया होत्या. रंगही एकाचा लाल, एकाचा निळा.

टेक्निशियन दादांना मी पुस्तक दाखवलं. त्यांनी परिच्छेद वाचला, हसले. "ही फार जुनी गोष्ट आहे. सेलोफेन वापरायचे सुरुवातीला." खरंच होतं ते. विलेम कोल्फ नावाच्या डच डॉक्टरने दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, पहिलं चालतं यंत्र बनवलं ते सेलोफेन वापरूनच. हे मला पुढे एमबीबीएसला कळलं. "आणि धमनीत सुई नाही घालत," दादा म्हणाले. त्यांनी माझा हात धरून आजीच्या मनगटाच्या वर ठेवला. "आधी इथं ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडलीय. फिस्तुला म्हणतात. शिरेत धमनीच्या जोराचं रक्त येतं, शीर फुगते, मग तिच्यातच दोन्ही सुया."

माझ्या तळहाताखाली काहीतरी थरथरत होतं. नाडीसारखं ठोके देत नव्हतं, मांजर मांडीवर गुरगुरतं तसं सलग. ती थरथर थांबली तर फिस्तुला बंद पडला समजायचं आणि लगेच यायचं, असं त्यांनी बजावलं. आजीने गावी गेल्यावर रोज रात्री हात कानाशी धरून ऐकायची सवय लावून घेतली. रेडिओ ऐकावा तसं.

मी त्या दिवशी दीड पान वाचलं. चार तासांत दीड पान! खोलीवर येऊन मैत्रिणीला सांगितलं तर ती हबकली. तिच्या वेळापत्रकात त्या चार तासांत तीन धडे बसत होते.

पण पुढच्या शुक्रवारी मी परत तोच धडा उघडला. तो असा की त्यातलं प्रत्येक वाक्य आता मला यंत्राला विचारावंसं वाटायला लागलं. रक्त आणि तो द्रव एकमेकांच्या उलट दिशेने का वाहतात? दादांना नेमकं सांगता येईना, म्हणाले, तसंच जोडतात. मी वहीच्या मागच्या पानावर दोन समांतर रेघा काढून आकडे मांडत बसले. दोन्ही एकाच दिशेने वाहिले तर थोड्याच अंतरात दोन्हीकडे युरिया सारखा होणार आणि देवघेव थांबणार. उलट वाहिले तर शेवटच्या टोकापर्यंत काहीतरी फरक शिल्लक राहतो. अकरावीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीत न वाचलेल्या डिफ्यूजनचा अर्थ मला तिथं लागला, हिरव्या पडद्याआड, स्टुलावर बसून.

पाण्याची गोष्ट सांगायलाच हवी. आजीला दिवसाला सगळं मिळून एक लिटर पाण्याची मुभा होती. चहा, ताक, वरणाचं पाणी धरून. तिने एक स्टीलचा तांब्या ठरवला. सकाळी तो भरायचा आणि दिवसभर जे काही प्यायचं ते त्यातून वजा करायचं. आदल्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आमच्या गावातही टँकर होते. आजीचं सगळं आयुष्य पाणी मोजण्यात गेलेलं, त्यामुळे तांब्याचं तिला काही वाटलं नाही. पण एकदा मी शहाणपणा केला. दादांना द्रवाचा वेग विचारला, ते म्हणाले मिनिटाला ५०० मिलिलिटर. मी तिथल्या तिथे गुणाकार केला. चार तास म्हणजे २४० मिनिटं, १२० लिटर. आणि तो आकडा तिला सांगितला.

"येकशे वीस लिटर? माझ्यायेकलीसाठी?"

"हो आजी."

"आन ते जातं कुठं?"

"गटारात."

ती बराच वेळ यंत्राच्या मागच्या नळीकडे बघत पडून राहिली. मग म्हणाली, "दोन दिसाआड येकशे वीस. आन मला तांब्याभर." तिला हसू आलं होतं. मला मात्र पहिल्यांदा त्या १८० लिटरचा अर्थ कळला. तिच्या त्या दोन मुठीएवढ्या अवयवांनी साठ-पासष्ट वर्षं रोज १८० लिटर गाळले होते आणि दीड लिटर सोडून सगळे परत दिले होते, गटारात न टाकता. तोवर १८० हा माझ्यासाठी चार पर्यायांतला एक आकडा होता.

भेटायला येणारे शहाळी आणत. आपल्याकडे आजारी माणसाला शहाळं, हे ठरलेलंच. आणि डायलिसिसच्या माणसाला शहाळं म्हणजे पोटॅशियम, तेच नको. केळी नको, मोसंबी नको, भाज्या चिरून पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचं. आहारतज्ज्ञ बाईंनी छापील कागद दिला होता, तो इंग्रजीत. तो मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. पोटॅशियमने काय होतं, असं आत्याने विचारलं तर मी म्हटलं, हृदयाचे ठोके बिघडतात. "कसे?" मी थांबले. मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. रात्री खोलीवर चेतासंस्थेचा धडा काढला आणि पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त, हे वाक्य पुन्हा वाचलं. मग बाहेर पोटॅशियम वाढलं तर तो फरक कमी होणार, आणि फरकावरच तर सगळं चाललंय. आत्याला हे सांगायला मला तीन मंगळवार लागले. तिला समजेल असं सांगता येईपर्यंत ते मलाही समजलं नव्हतं.

क्लासमध्ये मी एकदा उत्साहाने विचारलं की पुस्तकातलं डायलिसिसचं वर्णन जुनं आहे, प्रश्न आला तर काय लिहायचं. सरांनी वर्गाकडे बघून सांगितलं, "पुस्तकातलंच खरं. यंत्राला परीक्षा द्यायची नाही, तुम्हाला द्यायचीय." दोनशे मुलं हसली. राग आला होता, पण सर बरोबर होते. त्यांचा धंदा गुणांचा होता आणि तो ते चोख करत. एनसीईआरटीची ओळ न ओळ त्यांनी आमच्याकडून घोटून घेतली, दर रविवारी पेपर, दर सोमवारी भिंतीवर यादी. त्या शिस्तीशिवाय माझे गुण वाढले नसते. मंगळवार-शुक्रवारच्या स्टुलाने ते वाढवले असं मी म्हणणार नाही.

६ मे २०१८. मी १६७ प्रश्न सोडवले आणि १३ कोरे ठेवले. १४३ बरोबर, २४ चूक, ५४८. वर्षाचं सगळं फळ मला त्या १३ कोऱ्या प्रश्नांत दिसतं. आदल्या वर्षी मी सहाच सोडले होते, तेही वेळ संपला म्हणून. या वेळी गोलावर पेन टेकवायच्या आधी हात थांबायचा. हे मला खरंच येतंय, की येतंय असं वाटतंय? तेरा वेळा उत्तर आलं, की वाटतंय.

सरकारी कॉलेजात नंबर लागला आणि लातूर सुटलं. होस्टेलच्या आमच्या मजल्यावर सरळ बारावीतून आलेल्या मुली शोधाव्या लागत. सगळ्यांच्या फायलीत तो शंभराचा कागद, सगळ्या वर्षभर 'घरीच'. आमच्या गावातले एक निवृत्त डॉक्टर सांगायचे, त्यांच्या वेळी शाळेची अकरावी झाली की इंटर सायन्सपर्यंत कॉलेजात बेडूक कापत दोन वर्षं काढायची आणि मग बी ग्रुपच्या गुणांवर मेडिकल. म्हणजे मेडिकलच्या आधी तयारीला वेळ लागतो हे तेव्हाही मान्य होतं. फरक इतकाच, की तेव्हा तो वेळ हजेरीपटावर होता. आता तो दहा बाय बाराच्या खोलीत गेलाय आणि त्याचे पैसे सोयाबीनमधून जातात.

त्या वर्षाचा मेडिकलला उपयोग झाला का? लोकांना इथे 'हो' ऐकायचं असतं. ॲनाटॉमीच्या पहिल्या अंतर्गत परीक्षेत मी नापास झाले. एनसीईआरटीतलं सगळं मानवी शरीर ॲनाटॉमीच्या पुस्तकात पहिल्या आठवड्यात संपतं. त्याहून वाईट म्हणजे मला लिहिता येत नव्हतं. वर्षभर फक्त गोल काळे केलेले, आणि इथे दहा गुणांसाठी खांद्याच्या सांध्यावर दीर्घोत्तर. पहिलं वाक्य कसं सुरू करायचं हेच सुचेना. माझ्या मनात चार पर्याय तरळत होते. कोचिंगने हाताची ही सवय मोडली होती आणि ती परत यायला सहा महिने गेले.

फिजिओलॉजीच्या तोंडीला किडनी निघाली तेव्हा मात्र मी खुलले. हेन्लेच्या लूपमधला, म्हणजे किडनीतल्या वळणाच्या बारीक नळीतला, उलटा प्रवाह समजावताना मी थेट डायलिसिसचं यंत्र मांडलं. दोन समांतर रेघा, उलट दिशा, शेवटपर्यंत टिकणारा फरक. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान सांगितलंस. पण उलटं सांगितलंस. यंत्रात उलट्या प्रवाहाने घाण बाहेर पडते. किडनीच्या गाभ्यात उलट्या प्रवाहाने क्षार आत अडकून राहतात, बाहेर पडू नयेत म्हणून." मी गप्प. दीड वर्ष जपलेलं चित्र. खोलीवर येऊन जुन्या वहीत ३१ च्या यादीखाली बत्तिसावा लिहिला.

ती वही अजून आहे. आता तिच्यात प्रश्नपत्रिकेतले प्रश्न नसतात.

आजी त्या तोंडी परीक्षेच्याच वर्षी नोव्हेंबरात गेली, शुक्रवारच्या पाळीच्या आदल्या रात्री. मी पोचले तेव्हा उशिर झाला होता. तांब्या आईने देव्हाऱ्याजवळ ठेवलाय, फुलं टाकायला.

लातूरच्या खोलीतल्या बाकी दोघींचं सांगायचं राहिलं. एकीने तिसऱ्यांदा परीक्षा दिली, मग बी.फार्म. केलं. तिच्याशी मी या विषयावर बोलत नाही. ती माझ्यापेक्षा जास्त तास बसायची आणि तिचं पाठांतर माझ्याहून पक्कं होतं. दुसरी दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. आवर्तसारणीच्या पोस्टरवर तिने आपलं पोस्टर चिकटवलेलं होतं, ते आम्ही काढलं नाही. ड्रॉप घेतल्याने कुणाचं भलं होतं यावर मी बोलायला बसते तेव्हा या दोघी समोर येऊन बसतात, त्यामुळे माझं भाषण होत नाही.

सध्या मी एका उपजिल्हा रुग्णालयात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी आहे आणि पीजीच्या नीटची तयारी करतेय. म्हणजे परत रिपीटरच. आमच्या ओपीडीच्या पलीकडे डायलिसिसचा विभाग आहे.

काल शेवटी आतेभावाला फोन लावला. ड्रॉप घे किंवा घेऊ नको, हे मी सांगितलं नाही. म्हटलं, आधी या वर्षीची प्रश्नपत्रिका आणि तुझी उत्तरपत्रिका घेऊन रविवारी ये. चुकलेले प्रश्न वेगळे काढू. कुठले येत नव्हते, कुठले घाईत गेले आणि कुठले येतात असं वाटत होतं, ते बघू. तिसरा ढीग मोठा निघाला तर वर्ष काढण्यात अर्थ आहे. पहिलाच मोठा निघाला तर तुला मुळात हे वाचायचंच नसेल, तेही बघू. आणि सोमवारी सकाळी परत जायच्या आधी सात ते अकरा आमच्या डायलिसिसला येऊन बस. पुस्तक आण, मोबाइल नको. सिस्टरना मी सांगून ठेवते.

"चार तास?"

"चार तास."

पलीकडे शांतता. तो हिशेब करत असणार, मी ओळखते.

"ताई, पण त्यातून मार्क किती वाढतील?"

"त्या धड्यावर एखादा प्रश्न येतो. चार."

"बरं," तो म्हणाला, "येतो."